बासरी पेटीत का गेली?

एका मुलानं दुसऱ्या मुलासाठी आपल्या हातानं लाकडाची बासरी बनवली, घासून गुळगुळीत केली आणि नाताळच्या दिवशी त्याच्या घरी नेऊन दिली. घरातल्या बाकीच्यांसाठी पिशवीतून थोडा सुका मेवाही आणला. ज्याला बासरी मिळाली त्यानं ती या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली, पुन्हा गुंडाळली आणि जपून ठेवायच्या वस्तूंच्या पेटीत ठेवून दिली. त्याच्या बहिणीला ती बासरी पुन्हा कधी दिसली नाही. देणारा जेरेमी गोरा, घेणारा स्टेसी काळा. जागा अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य, साल १९३३.

मिल्ड्रेड टेलर यांच्या 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' (१९७६) या कादंबरीतला हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला स्टेसीचा राग आला होता, आणि त्याहून जास्त त्याच्या वडिलांचा. बासरी पेटीत जाते ती वडिलांशी बोलणं झाल्यावर. ते पोराला समजावतात की जेरेमी आज चांगला आहे, पण उद्या तो मोठा माणूस होईल, आणि तेव्हा त्याला तू बरोबरीचा वाटशील याचा भरवसा नाही. या मुलखात काळ्या-गोऱ्यांची मैत्री बरोबरीच्या नात्यानं होत नाही, म्हणून ती कधी उलटेल ते सांगता येत नाही. मुलांच्या पुस्तकातला बाप पोराला असं कसं सांगतो, हे मला तेव्हा पटेना.

पुन्हा पुन्हा वाचल्यावर उलगडत गेलं. जेरेमी रोज सकाळी स्टेसीची आणि त्याच्या भावंडांची वाट पाहत थांबतो, त्यांच्यासोबत चालतो आणि त्यापायी घरी बापाचा मार खातो. त्याच्या हातावरचे वळ टेलर आपल्याला दाखवतात. त्याची माया खरी आहे. आणि स्टेसीचे वडील डेव्हिड लोगन म्हणतात तेही खरं आहे, कारण त्याच गावात काळ्या माणसांना जाळणारे लोक उजळ माथ्यानं दुकान चालवताहेत. टेलर या दोन्ही खऱ्या गोष्टी शेजारीशेजारी ठेवतात आणि त्यांतली एकही पुसत नाहीत. बासरी चुलीत जात नाही, तशी ओठांनाही लागत नाही. ती पेटीत राहते.

वंश, धर्म आणि मैत्री या तिन्हींना एकत्र आणणाऱ्या मुलांच्या कथा-कादंबऱ्यांची ओळख करून द्यायला हे पुस्तक निघालं आहे. त्याची प्रस्तावना लिहायला बसल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पहिली आली ती ही पेटी. या विषयावर मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक चांगलं की कच्चं, हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: या मैत्रीची किंमत कोण मोजतंय, आणि ते लेखकानं दाखवलंय का?

आपल्याकडच्या क्रमिक पुस्तकांत आणि बालमासिकांत अशा मैत्रीची एक ठरलेली गोष्ट असते. एक मुलगा हिंदू, एक मुसलमान. दिवाळीला याच्या घरून करंज्यांचं ताट जातं, ईदला त्याच्या घरून शिरखुर्मा येतो, शेवटी गुरुजी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवतात. ही गोष्ट लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. मीही लहानपणी त्याच गोष्टी वाचून वाढले आणि त्यांनी माझं भलंच केलं. पण त्या गोष्टीत कोणाला काहीच मोजावं लागत नाही. कोणाचा बाप चिडत नाही, कोणाला घर भाड्यानं नाकारलं जात नाही, गल्लीत दगड पडल्यावर दुसऱ्या दिवशी बाकावर कोण कोणाशेजारी बसतं हे कोणी विचारत नाही. मुलं मात्र हे सगळं पाहत असतात. घरात मोठ्यांचा आवाज कुठल्या नावाशी खाली येतो, हे पाच वर्षांच्या पोराला कळतं. मग पुस्तकातली गोष्ट त्याला परीक्षेपुरती वाटू लागते.

अमेरिकेतही हे सहज झालेलं नाही. तिथं आधी मुळात काळं मूल पुस्तकात असण्यासाठीच झगडावं लागलं. १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी 'सॅटर्डे रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली मुलांची ५२०६ पुस्तकं त्यांनी हिशेबात घेतली. त्यांपैकी ज्यांत एक तरी काळं माणूस आहे अशी निघाली ३४९, म्हणजे शंभरातली जेमतेम सात. लेखाच्या सुरुवातीला एक पाच वर्षांची मुलगी आहे. पुस्तकांतली मुलं नेहमी गोरीच का असतात, एवढंच ती विचारते. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, एझ्रा जॅक कीट्स यांचं 'द स्नोई डे' आलं होतं. पीटर नावाचा काळा मुलगा लाल कोट घालून बर्फात खेळायला जातो, एवढीच त्याची गोष्ट. पुढच्याच वर्षी त्याला कॅल्डिकॉट पदक मिळालं. कीट्स स्वतः गोरे, पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबातले, ब्रुकलिनचे. जन्मनाव जेकब एझ्रा कॅट्झ. ज्यूंबद्दलच्या द्वेषापायी त्यांना ते बदलावं लागलं होतं. नाव लपवावं लागलेल्या माणसानं दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाला पानावर आणलं, याचं मला विशेष वाटतं. पुढं १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप यांनी पुस्तकाला आरशाची, खिडकीची आणि सरकत्या काचेच्या दाराची उपमा दिली. शिक्षकांच्या शिबिरांत ती आता इतक्यांदा सांगितली जाते की मी तिच्यावर अधिक लिहीत नाही. बिशप यांचा रोख मात्र विसरू नये. आरशात रोज फक्त स्वतःलाच पाहणाऱ्या गोऱ्या मुलांचंही नुकसान होतं, असं त्या बजावत होत्या.

टेलर यांच्या कादंबरीकडे पुन्हा येते, कारण मुलांना जवळून काय दाखवायचं असतं याचा वस्तुपाठ तिच्या पहिल्याच प्रकरणात आहे. शाळेचा पहिला दिवस. स्टेसीचा धाकटा भाऊ, सहा वर्षांचा लिटल मॅन, स्वच्छतेचा भोक्ता, बुटांना धूळ लागलेलीही त्याला खपत नाही. वाचायला तो आधीच शिकलाय. आज पहिल्यांदा स्वतःचं पुस्तक मिळणार म्हणून हरखलेला. हातात येतं ते मळकं, फाटकं. तो दुसरं मागतो. मग त्याची नजर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर जाते. त्यावर रकाने आखलेले आहेत: पुस्तक कितव्यांदा दिलं, कधी दिलं, त्याची अवस्था काय, आणि घेणारा विद्यार्थी कोणत्या वंशाचा. १९२२ साली पुस्तक नवं कोरं, विद्यार्थी गोरा. त्यानंतर दरवर्षी एक ओळ, अवस्था हळूहळू खालावत गेलेली, विद्यार्थी गोरा. अकरा ओळी अशा. बारावी ओळ सप्टेंबर १९३३ ची: अवस्था अत्यंत खराब, आणि शेवटच्या रकान्यात काळ्यांसाठी वापरला जाणारा हेटाळणीचा शब्द. लिटल मॅन पुस्तक जमिनीवर आपटतो आणि त्याच्यावर नाचतो. त्याची नऊ वर्षांची बहीण कॅसी तो कागद बाईंना दाखवायला जाते. तुम्ही तेच आहात, असं बाई सांगतात. बाईही काळ्याच आहेत. दोघा भावंडांना छड्या मिळतात. मुलांची आई त्याच शाळेत शिकवते. तिच्या कानावर हे जातं तेव्हा ती डिंक आणि कागद घेते आणि पुस्तकांमधले ते रकाने झाकून टाकते.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या एका वर्गात मी हा प्रसंग मराठीत सांगत-वाचत होते. बारावी ओळ वाचली आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "आमच्या दाखल्यावर पण असतं ते." शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा धर्म आणि जात-पोटजातीचा रकाना त्याला आठवला होता. दुसऱ्या बाजूनं एक मुलगी लगेच म्हणाली, "पण बाई, त्याच्यामुळंच मला शिष्यवृत्ती मिळते." वर्गात चुळबुळ झाली. शिष्यवृत्तीच्या मुलांनी उभं राहा, असं वर्षातून एकदा सगळ्यांसमोर सांगितलं जातं, ते बहुधा अनेकांना आठवलं असावं. मिसिसिपीतला रकाना हिणवण्यासाठी होता. आपला रकाना हक्क मिळवून देण्यासाठी आहे, आणि तो हक्क कमावायला पिढ्या गेल्या. हा फरक मी सांगितला, सांगायलाच हवा होता. पण भर वर्गात उभं राहताना काय वाटतं, याचं उत्तर त्या फरकात नव्हतं. तास संपला तरी कोणी उठलं नाही. मराठी मुलांच्या पुस्तकात मी हा प्रसंग शोधते आहे, अजून सापडलेला नाही.

धर्माच्या बाजूनं दोन पुस्तकं एकापाठोपाठ वाचावीत असा माझा आग्रह आहे. दोन्ही नाझी काळातली, दोन्हींत एक ज्यू मूल आणि त्याचा ज्यू नसलेला मित्र.

पहिलं हान्स पेटर रिश्टर यांचं, १९६१ साली जर्मनीत निघालेलं, इंग्रजीत 'फ्रीडरिश' नावानं वाचलं जाणारं. एकाच इमारतीत राहणारे दोन मुलगे, जन्म १९२५ चा. रिश्टर यांचाही जन्म त्याच वर्षीचा. गोष्ट सांगणारा जर्मन मुलगा आहे, आणि लेखकानं त्याला नाव दिलेलं नाही. त्याचे वडील नोकरीसाठी नाझी पक्षात जातात. ते वाईट नाहीत, फ्रीडरिशच्या वडिलांना देश सोडून जा म्हणून कळवळून सांगतात. १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यूंची घरंदारं फोडली गेली तेव्हा हा मुलगा गर्दीबरोबर आत शिरतो. हातोडा हाती येतो. तो एक काच फोडतो, मग दुसरी, मग त्याला ते आवडू लागतं. दमून घरी येतो तर फ्रीडरिशचं घर फोडणं चालू आहे. पुढं १९४२ मध्ये बॉम्बहल्ल्याच्या रात्री फ्रीडरिश तळघराच्या दारावर धडका मारतो. घरमालक त्याला आत घेत नाही. आतल्या काहींना वाईट वाटतं, मित्राचे आईवडीलही आतच आहेत. दार बंद राहतं. हल्ला संपल्यावर फ्रीडरिश बाहेर पायरीवर सापडतो.

दुसरं लोइस लोरी यांचं 'नंबर द स्टार्स' (१९८९). कोपनहेगन, १९४३. अॅनमरीच्या घरी तिची ज्यू मैत्रीण एलन लपली आहे. पहाटे जर्मन सैनिक दार ठोठावतात. एलनच्या गळ्यात सहा टोकांच्या ताऱ्याची साखळी, तिला ती काढता येईना. अॅनमरी हिसका देऊन साखळी तोडते आणि मुठीत दाबून धरते. सैनिक निघून जातात, मूठ उघडते, तेव्हा तळहातावर ताऱ्याचा ठसा उमटलेला असतो. पुढं अॅनमरीचा मामा आपल्या मासेमारीच्या होडीतून एलनच्या कुटुंबाला स्वीडनला पोहोचवतो. हे नुसतं कल्पनेतलं नाही. डेन्मार्कमधले सुमारे सात हजार ज्यू त्या शरद ऋतूत असेच होड्यांमधून पलीकडे गेले.

दोन्हीकडे मुलांची माया सारखीच आहे. मग एक मूल पायरीवर आणि दुसरं होडीत, असं का? वर्गात हा प्रश्न टाकला की पहिल्यांदा उत्तर येतं, "अॅनमरी धीट होती." थोडं थांबलं की कोणीतरी म्हणतं, "तिचे आईवडील धीट होते." मग तिसरं कोणीतरी, "होडी होती ना त्यांच्याकडे." मला वाटतं, या सगळ्या साहित्याच्या गाभ्याला मुलं तिथं पोहोचतात. मैत्री मुलं करतात. तिच्या दाराची किल्ली आणि होडीचं वल्हं मोठ्यांच्या हाती असतं. डेन्मार्कमध्ये शेजारी, कोळी, डॉक्टर, पाद्री असे कितीतरी मोठे त्या मुलींच्या पाठीशी उभे राहिले. फ्रीडरिशच्या इमारतीतल्या मोठ्यांनी खाली मान घातली. मिसिसिपीत डेव्हिड लोगन यांना होडी कुठंच दिसत नव्हती, म्हणून त्यांनी पोराला सांभाळून राहायला शिकवलं. स्टेसीच्या वडिलांवरचा माझा राग इथं मावळला.

मराठी वाचकाच्या घरात असलेलं या विषयावरचं पुस्तक कोणतं, असं विचारलं तर बहुतेकांना 'तोत्तोचान' चटकन आठवणार नाही. तेत्सुको कुरोयानागी यांच्या त्या पुस्तकातली रेल्वेच्या डब्यांची शाळा आणि कोबायाशी गुरुजी सगळ्यांना पाठ आहेत. पण त्यात मासाओ नावाचा एक कोरियन मुलगा आहे. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. रस्त्यात भेटलेल्या तोत्तोचानवर तो एक दिवस 'कोरियन!' असं खच्चून ओरडतो. ती गोंधळून घरी येते आणि आईला विचारते. आईच्या डोळ्यांत पाणी येतं. लोकांनी त्या पोराला हा शब्द इतक्यांदा तोंडावर फेकून मारलाय की ती एक शिवी आहे असंच त्याला वाटतं, हे तिला उमगलेलं असतं. स्वतःच्या माणसांचं नाव शिवी म्हणून वापरणारं मूल. दोन पानांचा हा प्रसंग आहे, आणि मुलांसोबत वाचताना बरेच जण तो भराभर उलटून पुढं जातात. यापुढं तिथं थांबावं अशी विनंती आहे.

आता आपल्या भाषेबद्दल. 'श्यामची आई' साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिली ती १९३३ च्या फेब्रुवारीत. लिटल मॅनच्या हातात ते फाटकं पुस्तक पडलं तेही साल हेच. 'श्यामची आई'त एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी उचलून द्यायला आई श्यामला सांगते, तो प्रसंग मराठी मनावर कोरलेला आहे. गुरुजी नुसतं लिहून थांबले नाहीत. १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिराची दारं सगळ्यांना उघडावीत म्हणून ते प्राणांतिक उपोषणाला बसले. त्यांच्याविषयी बोलताना माझा आवाज आपोआप मऊ होतो. तरी एक नोंद करावीच लागेल. श्याम त्या म्हातारीला मोळी उचलून देतो, तिथं करुणा आहे. तिच्या नातवासोबत तो विटीदांडू खेळला असता, भांडला असता, हरला असता, तर ती मैत्री झाली असती. करुणेपासून मैत्रीपर्यंतचं हे अंतर आपल्या बालसाहित्यानं नंतरही फारसं तोडलेलं नाही, असं माझ्या वाचनावरून मला वाटतं.

जात भोगलेलं बालपण मराठीत नाही असं नाही. ते भरभरून आहे, पण मोठ्यांच्या शेल्फावर आहे. दया पवारांचं 'बलुतं', लक्ष्मण माने यांचं 'उपरा', उर्मिला पवारांचं 'आयदान' यांची सुरुवातीची पानं म्हणजे शाळकरी मुलांचीच आयुष्यं आहेत. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ती यावीत अशा रूपात त्यांना कोणी फारसं आणलं नाही.

आणि एक हकीकत तर खुद्द बाबासाहेबांची. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी ती लिहिली आहे. साल १९०१, वय कॅसीएवढंच, नऊ-दहा. वडील नोकरीनिमित्त गोरेगावला. उन्हाळ्याच्या सुट्टीत भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून पहिल्यांदाच आगगाडीनं निघाली. नवे सदरे, डोक्यावर चमकत्या टोप्या, रेशमी काठाची धोतरं. मसूर स्टेशनावर उतरली तर न्यायला कोणीच आलेलं नाही. कपड्यांवरून स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणांची मुलं समजले आणि आपुलकीनं बोलले. आम्ही महार, असं कळताच ते मागं सरकले. कोणी गाडीवान मुलांना बसवून घेईना. शेवटी एक तयार झाला: दुप्पट भाडं, गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. सोबत डबा होता, पण पाणी नव्हतं, आणि पाण्याशिवाय घास उतरेना. रात्री जकातनाक्यावर गाडीवानानं सुचवलं की मुसलमान आहोत असं सांगा. भीमरावांनी उर्दूत तसं सांगूनही पाहिलं. पाणी मिळालं नाही. मुलं उपाशी झोपली. २०११ मध्ये 'भीमायन' या चित्रकथेत दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी हा प्रवास परधान गोंड शैलीत चितारला आहे. कोणी विचारेल, या हकीकतीचा मैत्रीशी काय संबंध? या सबंध प्रवासात त्या मुलांना बाहेरचा एकही मित्र भेटत नाही. एवढाच संबंध आहे, आणि तो पुरेसा आहे.

फाळणीवरचं वीरा हिरानंदानी यांचं 'द नाइट डायरी' (२०१८) सिंधमधल्या मीरपूर खासला सुरू होतं. त्यातल्या निशाचे वडील हिंदू, तिच्या जन्माच्या वेळी गेलेली आई मुसलमान. सीमेकडे जाताना हे कुटुंब मामाच्या घरी लपलेलं असताना निशा शेजारच्या एका मुलीशी चोरून मैत्री करते, आणि त्या मैत्रीपायीच सगळ्यांना तिथून निघावं लागतं. बारा वर्षांच्या मुलीवर केवढं हे ओझं. सिंधमधून आलेल्या अशा हजारो कुटुंबांना कल्याणजवळच्या छावण्यांत आसरा मिळाला, त्याचंच पुढं उल्हासनगर झालं. मुंबईहून लोकलनं तासा-दीड तासाचा रस्ता. त्या छावणीतल्या मुलाची आणि कल्याणच्या एखाद्या मराठी मुलाची गोष्ट मराठीत कोणीतरी लिहावी, असं मी दहा वर्षं ज्याला-त्याला सांगत आले आहे. इथंही सांगते.

हे पुस्तक बहुतेक शिक्षक, ग्रंथपाल आणि आईवडील यांच्या हाती पडेल. त्यांना एवढंच सांगणं आहे. पुढं ओळख करून दिलेली पुस्तकं मुलांना नुसती देऊ नका, त्यांच्यासोबत बसून मोठ्यानं वाचा. इंग्रजी जड जात असेल तर आपल्या मराठीत सांगत सांगत वाचा. तात्पर्य विचारू नका. वर्गात ज्या मुलाच्या घरची गोष्ट तुम्ही वाचताय त्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळू देऊ नका, आणि तू सांग बरं, असं म्हणून त्याला उभं करू नका. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर लिटल मॅनच्या पुस्तकापासून करा, आणि त्याच आठवड्यात मसूर स्टेशनची हकीकत वाचा. दोन्ही मिळून एका तासात होतात. दुसरा तास मोकळा ठेवा.